बाजारातली सर्वांत वाईट कुदळ

ब्रह्मपुरी,
ता. २९ जून १९५४

चि. सौ. रंभा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. मी काल सुखरूप पोचले. वैनगंगेला अजून पाणी चढलेले नाही, त्यामुळे नावेसाठी ताटकळावे लागले नाही. मोटारीत सारा वेळ मनसारामच्या अवजारांचे गाठोडे माझ्या मांडीवर होते. शेजारच्या बाईंनी विचारले, की यात भांडी आहेत का. भांडी नाहीत, भावाची कुदळ आणि खुरपी आहेत, असे मी सांगितले. त्यावर त्या खिडकीकडे सरकून बसल्या.

तुझ्यासमोर बोलले नाही ते आता स्पष्ट लिहिते, कारण तुला ते ठाऊक असलेच पाहिजे. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की अंगावरून वारे गेल्यावर माणूस कितपत उठेल हे पहिल्या काही महिन्यांतच ठरते. पाऊस सरेपर्यंत मनसाराम बाजेवरून उठला नाही, उजव्या हाताला त्याने काही काम दिले नाही, तर पुढे फारशी आशा धरू नका, असे त्यांचे शब्द. औषधाचा भाग त्यांचा होता, तो झाला. उरलेला भाग मनसारामचा आहे, आणि मनसाराम भिंतीकडे तोंड करून पडला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्याचा पाय घरामागच्या बाडीतून निघत नव्हता, जो जेवायला बोलावले तर ओंजळभर माती घेऊन यायचा, त्याने मी असेपर्यंत एकदाही मागचे दार उघड म्हटले नाही. मला हे मान्य नाही.

म्हणून मी ती अवजारे आणली. माझा हिशेब सरळ आहे. त्याला उचलता येईल, पेलता येईल, आणि पाहताच हात पुढे करावासा वाटेल असे अवजार समोर ठेवायचे. आज सकाळी अंगणात सारे मांडून पाहिले. कुदळीचे टोक झिजून पार बोथट झाले आहे, पण लोखंड जुने आणि चांगले आहे. दोरीला टांगून वाजवले तर घंटेसारखे वाजते, म्हणजे आत कुठे चीर नाही. ती दुरुस्त होईल. मोठे खुरपे मात्र गेले. धार लावून लावून पाते इतके उरले आहे की त्याने नखे काढावीत. फावड्याचे रिव्हेट ढिले आहेत आणि झारीच्या बुडाला छिद्र आहे. पत्रू लोहाराला उद्या बोलावले आहे. तो मला भितो, त्यामुळे काम चांगले करतो.

तू त्याला घास भरवतेस ते बंद कर. उजव्या हातात चमचा दे. सांडला तर सांडू दे. रडू आले तर बाडीत जाऊन रड, त्याच्या बाजेशी बसून नको. वांग्याची रोपे मी सांगितली तशी टाकलीस ना?

लोभ आहे हे दरवेळी लिहायची आपल्यात गरज नसावी.

भागीरथा

*

धानोरा,
ता. २० जुलै १९५४

तीर्थरूप बाईच्या पायावर रंभेचं डोकं. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. डाक्टर काय म्हणाले ते वाचून मी बाडीतच जाऊन रडली, तुमी सांगितलं तसंच केलं. मंग तोंड धुऊन आत आली.

तुमीच मले अक्षर शिकवलं तवा जसं येते तसं लिहून राह्यली. हसू नका. लग्न होऊन आली तवा तुमी पाटी हाती दिल्ली होती अन् म्हणाल्या होत्या, की या घरात सही न येणारी बाई राहणार नाई. मले वाटलं होतं सासू बरी, पण ही नणंद नको. आता वाटते तुमी इथीच असत्या तं बरं झालं असतं.

आता यायच्या तब्येतीचं. उजवा पाय थोडा हालते. हात नाई हालत. बोलणं जड आहे, जिभेवर गोटा ठेवल्यासारखं. चमचा हातात दिला तं गरम वरण सारं धोतरावर गेलं. मंग म्हणाले, राहू दे. दिवसभरात तेवढेच दोन शब्द. शाळेतले पोट्टे भेटाले येतात, गुरुजी गुरुजी करतात, हे डोळे झाकून घेतात. धुरपता शेजारची रोज येऊन विचारते, की गुरुजी उठले का, अन् मले तिचा राग येते. बिचारीचा काही दोष नाई.

गावात धानाचे रोवणे चालू आहेत. साऱ्या बाया बांधीत, चिखलात, गाणी म्हणून राह्यल्या. इथवर आवाज येते. आपल्या बाडीत मात्र गवत कमरेले लागून राह्यलं. वांग्याची रोपं टाकली, पण त्यायच्यापेक्षा गवतच जोरात आहे. खुरपं नाई तं मी हातानंच उपटते. भेद्र्याची, तुमी टमाटे म्हणता त्यायची, चार झाडं आपोआप उगवली, मागच्या साली पडलेल्या फळाची. तेवढीच बरी दिसतात.

एक गोष्ट सांगते म्हणता म्हणता राहून गेली. भिंतीवरच्या ज्या खिळ्यायले अवजारं टांगली राह्यत होती ना, ते खिळे आता रिकामे आहेत. हे भिंतीकडे तोंड करून पडतात ते त्याच भिंतीकडे. काय पाहतात कोण जाणे. अवजारं लवकर धाडा बाई.

पायावरचं डोकं आता उचलते, चुलीवर भात आहे.

रंभा

*

ब्रह्मपुरी,
ता. ८ ऑगस्ट १९५४

चि. सौ. रंभा हिस,
आशीर्वाद, आणि भात करपला नसेल अशी आशा. वि. वि.

तुमच्या गावचा इतवारी इथे लेकीकडे आला होता. त्याच्याबरोबर सारी अवजारे पाठवत आहे. वैनगंगेला पूर आहे, नाव चालू झाली की निघेल. पोत्यात गुंडाळली आहेत, ओली होऊ देऊ नकोस म्हणून त्याला दोनदा बजावले आहे. दुसऱ्यांदा बजावल्यावर तो म्हणाला, की बाई, मी ओला झालो तरी चालन का? मी म्हटले, चालेल.

आता एकेक सांगते, म्हणजे मनसारामला नीट सांगता येईल. कुदळीच्या टोकाला पत्रूने पोलादाचा तुकडा जोडला आहे. पहिल्या वेळी तापवून दिलेले पाणी बरोबर बसले नाही, टोक मऊ राहिले. कानस घासली तर गुळात रुतावी तशी रुतत होती. मी परत पाठवली. दुसऱ्या वेळी जास्त कडक झाली, दगडावर टोक तुटले असते. तीही परत पाठवली. तिसऱ्या वेळी कानस घसरून जाते आणि तरी टोक उडत नाही, असे झाले तेव्हा मी पत्रूला चहा दिला. दांडा धावड्याचा आहे, सरळ रेषेचा, गाठ नसलेला, सावलीत वाळवलेला. मनसारामच्या डाव्या हातालाही पेलावा म्हणून थोडा बारीक करवून घेतला आहे. जवसाचे तेल पाजले आहे.

खुरपे नवीन आहे. बाजारात जी मिळतात त्यांची पाती पत्र्याची, मातीत घातली की वाकतात. म्हणून जुन्या गाडीच्या पोलादी पट्टीतून करवून घेतले. मूठ गुळगुळीत आहे, हाताला कुसळ लागणार नाही. फावड्याचे रिव्हेट नवे. झारीला डाख लावला, रात्रभर भरून ठेवून पाहिली, थेंब गळला नाही. धारा मी स्वतः तपासल्या आहेत.

कशातही आता कसर नाही. पुढची काही वर्षे यातल्या एकाही वस्तूला कोणी हात लावायला नको. मनसारामने फक्त उचलायचे आहे. मला खात्री आहे की एकदा हातात घेतले की तो खाली ठेवणार नाही. चांगल्या वस्तूला तो कधी नाही म्हणाला आहे का? लहानपणी माझ्या पेटीतली पेन्सिल कापायची सुरी तो चोरायचा, ते ती विलायती होती म्हणून. माझ्यावर रागावून नव्हे.

मला लगेच लिही, त्याने काय केले ते. पाऊस निम्मा झाला आहे.

तुझी कडक नणंद,
भागीरथा

*

धानोरा,
ता. २ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप बाईले नमस्कार. पहिले रागावू नका, मंग वाचा. वि. वि.

इतवारी पोळ्याच्या दोन दिवस आधी अवजारं घेऊन आला. लगेच नाई लिहिलं कारण काय लिहावं समजत नव्हतं. मी सारी अवजारं पोतं सोडून यायच्या बाजेवर मांडली. मायबाई, काय चकाकत होती! धुरपता पाहाले आली तं म्हणाली, की ही तं लग्नात मांडावी अशी आहेत.

यायनं डाव्या हातानं कुदळ जवळ ओढली. अंगठा धारेवरून फिरवला. दांडा डोळ्यापुढं धरून सरळ आहे का पाहिला. खुरपं पाहिलं, फावड्याचे रिव्हेट चाचपले, झारी उलटी करून बूड पाहिलं. एकेक करून सारं पाहिलं, काहीच सोडलं नाई. मी मनातून म्हणत होती, आता उठतात, आता उठतात. मंग सारं बाजूले सारलं. अन् जड जिभेनं म्हणाले, सारंच तं झालं आहे. भिंतीकडं वळले. जे वळले ते तीन दिवस वळलेच होते. पोळ्याची पुरणाची पोळी अर्धी खाल्ली. मी अवजारं खिळ्यायले टांगली तं म्हणाले, तिकडं मागच्या खोलीत ठेव.

बाई, मी तुमाले दोष देत नाई. तुमी एवढं केलं. पण मले तवाच समजाले पाहिजे होतं. यायले बाडीत पाहिलं आहे ना तुमी? अर्धा वेळ माती खणत, अन् अर्धा वेळ समोरच्या सपरीत बसून काही ना काही ठोकत, घासत, पाचर मारत. मी म्हणायची, की हे झाडाचे गुरुजी आहेत का कुदळीचे? तं म्हणायचे, कुदळीचे. ती लवकर शिकते. तुमी पाठवलेल्या अवजारात शिकवाचं काहीच राह्यलं नाई.

आता दुसरी गोष्ट ऐका. परवा मी धुरपताची कुदळ मागून आणली, तुमची चांगली कुदळ चिखलात घालाची हिंमत होत नव्हती म्हणून. तिच्या कुदळीचा दांडा हालत होता. सपरीत बसून मी गोटा घेतला अन् कुदळीच्या लोखंडावर ठोकाले लागली. दोन ठोके मारले नसन तं आतून एवढ्या जोरात आवाज आला की माह्या हातातला गोटा पडला. म्हणे येडे, लोखंडाले काऊन मारून राह्यली, दांड्याच्या बुडाले मार! बाई, शब्द एकदम साफ. मी दांड्याच्या बुडाले मारलं. तं पुन्हा वरडले, की अशी नाई, कुदळ खाली लोंबकळू दे, अधांतरी धर. मले जमत नव्हतं. मी बाजेपाशी नेली. उठून बसले बाई! भिंतीले पाठ टेकून, दांडा गुडघ्यात धरून, उजवा हात नुसता वर ठेवून, डाव्या हातानं ठोकलं. मंग बांबूची पाचर पाहून एवढे चिडले, की ओली पाचर मारणाऱ्याले गावातून काढाले पाहिजे. धुरपता दारात उभी होती, ती पदरात तोंड लपवून हसत होती. तिच्याच नवऱ्यानं मारली होती ती पाचर.

त्या दिवशी भाकर पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी धुरपता कुदळ घेऊन गेली, तिचीही शेती आहे. हे पुन्हा भिंतीकडं.

पाऊस सरत आला. मले काही सुचत नाई. तुमची अवजारं तं बिघडणारच नाईत, तुमीच लिहिलं आहे.

तुमचीच पाटीवाली,
रंभा

*

ब्रह्मपुरी,
ता. ९ सप्टेंबर १९५४

चि. सौ. रंभा हिस,
आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र वाचले. रागावले. पुन्हा वाचले आणि राग गेला, कारण त्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती. मी त्याच्यासाठी सारे करून ठेवले आणि त्याला करायला काही ठेवले नाही. यावर अधिक लिहून कागद घालवत नाही. वेळ थोडा आहे, म्हणून पुढे काय केले ते सांगते.

काल वारलूच्या दुकानात गेले. तुला माहीत आहे, मी दुकानात शिरले की तो भिकार माल पोत्याखाली सारतो आणि चांगला पुढे करतो. इतक्या वर्षांत मी त्याला वळण लावले आहे. त्याने नेहमीप्रमाणे उत्तम कुदळ काढली. मी म्हटले, ही नको, याहून वाईट दाखव. त्याने दुसरी काढली. मी म्हटले, याहूनही वाईट. त्याने शपथ घेतली, की वाईट माल तो ठेवतच नाही. मी त्याला सांगितले, की वारलू, मला फसवू नकोस, पोत्याखालचे काढ. तेव्हा कुठे काढले. विचारतो, की बाई, कोणासाठी? मी म्हटले, भावासाठी. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू आमचा वाटणीवरून कोर्टात दावा चालला असावा.

तरी निवड सोपी नव्हती. वाईट वस्तू दोन प्रकारच्या असतात. एक नुसती वाईट आणि एक घातक. ज्या कुदळीच्या भोकाला चीर आहे ती मी बाजूला टाकली, कारण ती उडून तुझ्या पायावर पडली असती. मला अशी हवी होती की जी सतत त्रास देईल, पण कोणाला इजा करणार नाही. शेवटी सापडली. दांडा सावरीचा आहे, हलका आणि पोकळ, बसवलाही तिरका. भोक एका बाजूला रुंद. लोखंडावर हिरवा रंग थापला आहे, आतले खड्डे झाकायला. शिवाय पत्र्याचे एक खुरपे घेतले, त्याची मूठ जोडणीतच फिरते. ही दोन्ही या बाजारातली सर्वांत वाईट आहेत, याची मी खात्री देते.

घरी आणताना पिशवीत लपवून आणली. रस्त्यात माझ्या शाळेतली जुनी शिक्षिका आशाबाई भेटली, तिने पिशवीत काय विचारले, मी मेथी सांगितले.

मोटारीने पाठवत आहे. मनसारामला सांग, की तू धानोऱ्याच्या बाजारात घेतलीस. त्याला चीड आली तर येऊ दे. तू वापरताना मुद्दाम चुकीची वापर, तुला फार प्रयत्न करावा लागणार नाही. रागावू नकोस, हा विनोद होता.

माझे नाव मधे आणू नकोस. माझी इतक्या वर्षांची अब्रू आहे.

भागीरथा

*

धानोरा,
ता. २८ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप बाईले रंभेचा हसत हसत नमस्कार. वि. वि.

कुदळ पोचली. मी सांगितलं, की बाजारात सस्ती भेटली. यायनं हातात घेतली अन् जे सुरू झालं ते अजून बंद नाई. पहिले म्हणाले, ही कुदळ आहे का ताक घुसळाची रवी? मंग म्हणाले, हिले हिरवा रंग काऊन दिला, पोपट आहे का? मंग मले विचारलं, की घेताना तुह्ये डोळे कुठी होते. मी म्हटलं, बाजारात भेद्री पाहत होती. लगित, पोटभर शिव्या खाल्ल्या बाई, पण कानाले गोड लागत होत्या.

त्याच दिवशी दांडा काढाले बसले. मी बाजूले उभी. उजव्या हाताची बोटं दांड्यावर ठेवतात, ती घसरतात, पुन्हा ठेवतात. वरण सांडलं तं राहू दे म्हणत, इथी नाई म्हणत. दांडा निघाला तवा कपाळावर घाम होता. मंग हट्ट धरला, की धावड्याचं लाकूड पाहिजे. मागच्या खोलीत एक पडलं होतं ते त्यायलेच माहीत. मी आणून देते म्हटलं तं म्हणाले, तू सावरीचं आणशील. भिंत धरून उठले बाई. दाराची चौकट धरली. खोलीपर्यंत गेले. येताना मी काखेत हात घालून आणलं, पण गेले आपल्या पायानं. धुरपतानं देवापुढं नारळ फोडला, मी नाई सांगितलं तरी.

आता रोज सकाळी सपरीत बसतात. तुमचं पत्र्याचं खुरपं पाहून तं म्हणाले, की हे ज्यानं केलं त्याले वर्गात बाकावर उभं करतो. त्याची मूठ नवी केली. गावातल्या सुकलूनं हे पाहिलं तं त्यानं आपली कुदळ आणली. मंग मुखरूनं विळा आणला. काल पोट्टे शाळेच्या बागेचं फावडं घेऊन आले. सपरीत आता लोखंडाचा ढीग आहे अन् मले झाडू माराले जागा नाई. ज्याचं अवजार खराब ठेवलेलं असन त्याले सारं ऐकाले लागते. तरी येतात. उजवा हात अजून पकडत नाई, दाबून ठेवते तेवढंच. पण दाबून ठेवते.

एकच गोष्ट मनाले लागून राह्यली. चार दिवसांपूर्वी यायनं ती हिरवी कुदळ मागितली अन् उन्हात नेऊन लगित वेळ पाहत बसले. धारेवरून अंगठा फिरवला. मले विचारलं, की कोणाच्या दुकानात घेतली. मी म्हटलं, बाजारातच, कोणतरी फिरता होता. नुसतं हसले. मले भेव वाटलं, की समजलं का काय. समजलं तं चिडून पुन्हा भिंतीकडं वळले तं काय करू? आज सकाळी म्हणाले, कागद अन् दौत दे. मी विचारलं, कोणाले लिहिता. म्हणाले, आहे एक.

बाई, जे काही लिहून येईल ते सांभाळून घ्या.

रंभा

*

धानोरा,
ता. १२ ऑक्टोबर १९५४

ती. बाईस,
नमस्कार. डाव्या हाताने लिहितो. अक्षर असेच येणार. तपासून परत पाठवू नये.

आधीचे कागद वाया गेले, हे पत्र तीन सकाळी मिळून झाले. म्हणून थोडक्यात.

ती कुदळ तू घेतलीस. रंभेने नाही. रंभा खोटे बोलते तेव्हा पदराचे टोक तोंडात धरते, हे एक. दुसरे असे, की बाजारातली कुदळ बोथट येते. रंगासकट बोथट. हिची धार कानसीने काढलेली होती. टोकाकडून मागे नव्हे, मागून टोकाकडे, एका दिशेने, थोडी थोडी, तू काढतेस तशी. वाईट लोखंडाला एवढी धार कोणी लावत नाही. ती दोन दिवसांत जाते. ज्याने लावली त्यालाही ते ठाऊक होते. बिनधारेची पाठवणे त्याला जमले नाही, एवढेच.

हे मला पहिल्याच दिवशी समजले. अंगठा लावताच.

मी दांडा काढायला बसलो तो राग आला म्हणून, असे रंभेला वाटते. तिला तसे वाटू दे. खरे तुला सांगतो. मला तुझे दुकानात उभे राहणे दिसले. ज्या बाईने जन्मभर हलकी वस्तू घरात येऊ दिली नाही, पाव शेर तूरडाळ निवडून परत केली, ती बाई भर बाजारात उभी राहून वाईट कुदळ मागते आहे. वारलूने काय पाहिले असेल, तेही दिसले. मग मला पडून राहता येईना. तुझी अब्रू गेली, आणि मी भिंत पाहत पडलोय, हे बरे नव्हते.

आता तब्येतीचे. रंभेकडून सारे कळले. तुझ्या डॉक्टरांना सांग, पाऊस सरला. उजवा हात पूर्वीसारखा होणार नाही. कुदळ मारून खणणे आता माझ्याकडून होणार नाही, हे मला कळते. रंभा खणते, मी सांगतो, ती ऐकत नाही. वांगी बरी आहेत. मिरचीची रोपे लावली. बसून खुरपे चालवता येते. तू पट्टीतून करवलेले ते. ते फार चांगले आहे. तेव्हा म्हणालो नाही, आज म्हणतो.

दसऱ्याला अवजारांची पूजा झाली. हिरवी कुदळ मधोमध ठेवली. सुकलूने विचारले, की गुरुजी, ही भिकार कुदळ मधोमध काऊन? मी सांगितले नाही.

यापुढे वाईट पाठवू नकोस. इथे गावात पुष्कळ आहेत.

दिवाळीला ये. भाऊबीज इथे. मोटार थांबते तिथपर्यंत मी येणार आहे. रंभेला हे सांगितलेले नाही, ती नको म्हणेल. मोटारीतून उतरलीस आणि मी दिसलो नाही, तर घराकडे चालू लागू नकोस. तिथेच थांब. मी निघालेलो असेन.

तुझा भाऊ,
मनसाराम